काळजीने झोप उडते तेव्हा : लेकराने बापाकडे जावं तसं देवाकडे कसं जायचं

जुलै लागला की सांगलीत एक प्रश्न दिवसभर कानावर पडतो : ‘आयर्विनला पाणी किती?’ आयर्विन म्हणजे कृष्णेवरचा पूल, तिथे पातळी मोजतात. कोयना धरणातून विसर्ग वाढला, कराडचा प्रीतिसंगम, म्हणजे कृष्णा-कोयनेचा संगम, ओलांडून ते पाणी खाली निघालं, त्यात वारणाही फुगली, की नदीकाठच्या गल्ल्यांमधली झोप उडते. इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट, हे आकडे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहेत. २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर ज्यांनी घरात शिरताना पाहिले, ते रात्री दोनला उठून मोबाइलवर पातळी बघत असतील तर त्यांना कुणी नावं ठेवू नयेत.

पण पाणी ओसरलं तरी ती सवय ओसरत नाही. पुराच्या जागी मुलाची नोकरी येते, नोकरीच्या जागी रक्ताचा रिपोर्ट, तो नॉर्मल आला की मुलीचं लग्न. विषय बदलत राहतो, रात्रीचे दोन मात्र तेच. पवित्र शास्त्र वाचणारी, रविवारी उपासना न चुकवणारी कितीतरी माणसं मला अशीच जागी असलेली माहीत आहेत. हा लेख त्यांच्यासाठी आहे. पायऱ्या क्रमाने दिल्या आहेत. पहिल्या दोन आज संध्याकाळीच करता येतील, चौथीला वेळ लागतो.

आधी एक गैरसमज

‘विश्वास कमी आहे म्हणून भीती वाटते,’ हे वाक्य आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये फार सहज बोललं जातं. आधीच घाबरलेल्या माणसाच्या डोक्यावर त्याने दोषाचं आणखी एक ओझं चढतं. वधस्तंभावर जाण्याच्या आदल्या रात्रीचा, गेथशेमाने बागेतला प्रभू येशू आठवा. मार्कच्या शुभवर्तमानात तो अतिशय व्याकूळ झाल्याचं स्पष्ट लिहिलं आहे. माझा जीव मरणाइतका दुःखी झाला आहे, असं तो शिष्यांना सांगतो. आणि त्याच अवस्थेत तो जमिनीवर पडून ‘अब्बा, बापा’ अशी हाक मारतो. भीती होती, दुःख होतं, आणि पित्यावरचा भरवसाही होता, एकाच वेळी. ज्याच्या ठायी पाप नव्हतं त्यालाही ती रात्र जड गेली, तर तुमच्या छातीतली धडधड हे अविश्वासाचं प्रमाणपत्र कसं होईल?

लेकरासारखा भरवसा म्हणजे भीती न वाटणं नव्हे. लेकरं तर मोठ्यांपेक्षा जास्त घाबरतात. विजेला घाबरतात, कुत्र्याला घाबरतात, अंधाऱ्या मोरीला घाबरतात. मिरज जंक्शनवर गर्दीच्या वेळी बापाचं बोट धरून चाललेलं चार वर्षांचं पोर बघा. गाडी कुठल्या फलाटावर लागणार, आरक्षण पक्कं झालं की नाही, उतरल्यावर न्यायला कोण येणार, यातलं त्याला काही ठाऊक नसतं. इंजिनाचा भोंगा वाजला की ते दचकतं, रडतंसुद्धा. पण रडताना बोट सोडत नाही, उलट घट्ट धरतं. तहान लागली की मागचापुढचा विचार न करता पाणी मागतं.

शिष्यांनी ‘स्वर्गाच्या राज्यात मोठा कोण?’ असं विचारलं तेव्हा प्रभूने एका बालकाला मध्ये उभं केलं. आणखी एकदा लोक लेकरांना घेऊन आले आणि शिष्य त्यांना दटावू लागले, तेव्हा तो शिष्यांवरच रागावला आणि त्याने लेकरांना कवेत घेतलं. त्या लेकरांनी काही मिळवलं नव्हतं, त्यांना काही पाठ येत नव्हतं. ती आली, एवढंच. पुढच्या सगळ्या पायऱ्या या ‘येण्या’च्याच आहेत.

पायरी १ : काळजीला वाक्यात बसवा

एक साधी वही घ्या. दिवेलागणीच्या सुमारास, झोपायच्या निदान दोन तास आधी, दहा-पंधरा मिनिटं बसा. मनात जे घोळतंय ते पूर्ण वाक्यात लिहा. ‘टेन्शन आहे’ हे वाक्य चालणार नाही. कशाचं, कुणाबद्दल, कधीपर्यंत, हे त्यात यायला हवं.

आमच्या प्रार्थना गटातल्या एक ताई ‘सगळंच अंगावर आलंय’ असं म्हणत बसल्या होत्या. त्यांना वही दिली. बऱ्याच वेळाने त्यांनी लिहिलं ते असं : ‘घराचा हप्ता ५ तारखेला आहे आणि खात्यात साडेतीन हजार कमी आहेत.’ ‘पुण्यात मुलाच्या कंपनीने माणसं कमी केली, तर त्याचं काय होईल?’ ‘ह्यांची शुगर वाढली आहे आणि ते डॉक्टरांकडे जात नाहीत.’ ‘सगळंच’ म्हणजे तीन गोष्टी निघाल्या. त्यातली पहिली पैशाची आणि तारखेची, दुसरी अजून न घडलेली, तिसरी दुसऱ्या माणसाच्या हातातली. तिन्ही गोष्टी खऱ्या आणि जड होत्या, पण तिघींना वेगवेगळी वागणूक द्यावी लागणार होती. एकत्र गोळा होऊन त्या आल्या तेव्हा त्यांना कसलीच वागणूक देता येत नव्हती.

लिहिता येत नसेल तर मोठ्याने बोला, मात्र पूर्ण वाक्यात. डोक्यातल्या डोक्यात हे होत नाही. तिथे तेच वाक्य गोल गोल फिरत राहतं आणि कधी पूर्णच होत नाही.

पायरी २ : आजचं आज

डोंगरावरच्या प्रवचनात प्रभूने सांगितलं : ‘ज्या दिवसाचे दुःख त्या दिवसाला पुरे.’ दिवसाला दुःख असतं, हे त्याने मान्य केलं आहे, हे नीट वाचा. त्याने फक्त त्याचं माप ठरवलं. अरण्यात इस्राएल लोकांना मान्ना, म्हणजे देवाने रोज पुरवलेलं अन्न, मिळाला तोही याच मापाने. ज्याने त्याने त्या दिवसापुरता गोळा करायचा. काहींनी सकाळपर्यंत राखून ठेवला तर त्यात किडे पडले. शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी तेवढा दुप्पट गोळा करायचा होता, आणि तो टिकलाही. म्हणजे देवाने सांगितलेली तयारी वेगळी आणि भीतीपोटी केलेली साठवण वेगळी.

आता वहीतल्या प्रत्येक वाक्यासमोर लिहा : यात आज माझ्या हातात काय आहे? असेल तर एकच काम लिहा, जे उद्या दुपारपर्यंत होईल. ताईंच्या पहिल्या वाक्यासमोर आलं : ‘सकाळी बँकेत जाऊन तारीख पुढे ढकलता येते का ते विचारायचं.’ तिसऱ्यासमोर : ‘रविवारी दिरांना बोलवून त्यांच्याकडून विषय काढायचा.’ दुसऱ्यासमोर काहीच आलं नाही. तिथे त्यांनी नुसता एक छोटा क्रूस काढला. म्हणजे हे फक्त देवाकडे जाणार.

पुराचंही असंच करता येतं. पाणी चढायला लागलं की आज करण्यासारखी कामं ठरलेली आहेत : रेशन कार्ड, आधार, जमिनीचे कागद, शाळेचे दाखले प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वर ठेवणं, औषधं आणि चार्जर एका बॅगेत, जनावरं असतील तर ती आधीच उंचावर, म्हाताऱ्यांना नातेवाइकांकडे. पातळी दिवसातून दोनदा बघायची, तीही प्रशासनाच्या अधिकृत माहितीतून. व्हॉट्सअॅपवरचे ‘आताच कळलंय’वाले मेसेज बघायचे नाहीत, पुढे पाठवायचे तर मुळीच नाहीत. आणि बाहेर पडायला सांगितलं की देवावर भरवसा ठेवून बाहेर पडायचं. घरातच बसून राहणं हा भरवसा नव्हे. मंदिराच्या शिखरावरून उडी टाकायला सैतानाने सांगितलं तेव्हा, देवाची परीक्षा पाहू नये, असं उत्तर प्रभूने दिलं.

पायरी ३ : जसं आहे तसं सांगा

आता प्रार्थना. इथे आपण मराठी ख्रिस्ती माणसं एका गोष्टीत अडकतो, ती म्हणजे प्रार्थनेची भाषा. ‘हे सर्वसमर्थ, सार्वकालिक, स्वर्गीय पित्या’ अशी सुरुवात उपासनेत शोभते, तिचा मान आहेच. पण रात्री घाबरलेलं पोर बापाला असं बोलावत नाही. घरात जी बोली बोलता त्याच बोलीत बोला. वाक्यं लहान ठेवा. शक्य असेल तर ओठ हलवून, पुटपुटत का होईना, बोला :

‘बापा, मला भीती वाटतेय. हप्त्याचे पैसे नाहीत. उद्या बँकेत जायचंय, तिथे काय बोलू मला सुचत नाही. तू माझ्याबरोबर चल. मुलाचं काय होईल ते मला माहीत नाही, तुला माहीत आहे. आज दुपारी शेजारच्या वहिनींनी भाजी दिली, त्याबद्दल तुझे आभार.’

एवढी प्रार्थना पुष्कळ आहे. फिलिप्पैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात प्रेषित पौल हेच सांगतो : कशाचीही चिंता करत बसू नका, जे काही असेल ते प्रार्थना आणि विनंती करून, आभार मानून देवाला कळवा. हे त्याने कैदेत असताना लिहिलं. खटला कुठे जाईल, जगेन की मरेन, हे त्याला माहीत नव्हतं, आणि तसं त्याने त्याच पत्रात लिहून ठेवलं आहे. त्यामुळे त्याचा सल्ला सुखात बसलेल्या माणसाचा नाही.

आभार त्या दिवसाचे आणि नेमके असू द्या. ‘सगळ्या कृपादानांबद्दल’ असं मोघम नको. भाजी, वेळेवर आलेली एसटी, गुडघा आज कमी दुखला, यातलं काहीतरी हवं. घाबरलेलं मन फक्त धोके मोजतं. आभार मानताना त्याला दुसरीकडे बघावं लागतं.

तक्रार करायची असेल तर तीही करा. ‘किती वेळ, हे परमेश्वरा?’ असं तेराव्या स्तोत्रात दाविदाने एकदा नाही, पुन्हा पुन्हा विचारलं आहे. आणि तेच तेच मागितलं म्हणून लाजू नका. न्यायाधीशाच्या मागे लागलेल्या विधवेचा दाखला प्रभूने यासाठीच दिला. शास्त्रातल्या प्रार्थना नीटनेटक्या नाहीत. त्यांत हुंदके आहेत, अर्धवट वाक्यं आहेत, सूडाची भाषासुद्धा आहे, आणि हे सगळं देवासमोर मांडलेलं आहे.

पायरी ४ : मागून झालं की जवळ बसून राहा

माझ्या मते या लेखात ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे आणि नेमकी हीच गाळली जाते. आपण मागतो, ‘आमेन’ म्हणतो आणि उठतो. मग दहाव्या मिनिटाला काळजी परत येते आणि आपल्याला वाटतं, प्रार्थना लागू पडली नाही.

स्तोत्र १३१ उघडा. तीनच ओव्या आहेत. यरुशलेमेला चढून जाताना यात्रेकरू ज्या स्तोत्रमालेतली गीतं म्हणत, तिच्यातलं हे दाविदाचं स्तोत्र. पहिल्या ओवीत तो म्हणतो, माझं मन गर्विष्ठ नाही, माझ्या आवाक्याबाहेरच्या मोठमोठ्या गोष्टींत मी पडत नाही. दुसरीत तो आपल्या जिवाची तुलना आईजवळ असलेल्या, दूध तुटलेल्या बालकाशी करतो. तिसरीत तो सगळ्या इस्राएलाला परमेश्वराची आस धरायला सांगतो. संपलं.

त्याने तान्हं बाळ निवडलेलं नाही, दूध तुटलेलं निवडलं आहे. ज्यांनी घरात मूल वाढवलंय त्यांना यातला फरक वेगळा सांगायला नको. तान्हं मूल आईच्या कुशीत आलं की लगेच चाळवतं, तोंड फिरवतं, पदर ओढतं, कारण आई म्हणजे दूध. मग दूध तोडायचे दिवस येतात. ते रडण्याचे, रात्र रात्र हट्ट करण्याचे दिवस असतात. आई जवळ आहे आणि तरी देत नाही, हे त्या जिवाला कळत नाही. ते सरल्यानंतर तेच मूल एका संध्याकाळी येऊन आईच्या मांडीवर नुसतं बसतं. काही मागत नाही. तिच्या बांगड्या फिरवत राहतं. आता त्याला आईच हवी असते.

दाविदाची शांती इथे आहे. मागितलेलं मिळालं म्हणून तो शांत झाला, असं तो म्हणत नाही. त्याने आपला जीव स्वतः शांत केला, निववला, असं तो म्हणतो. म्हणजे त्याआधी तोही चाळवलेला होता, त्याचेही ते रडण्याचे दिवस झाले असणार. तुम्ही आज त्या दिवसांत असाल तर मध्येच उठून जाऊ नका.

करायचं ते असं. प्रार्थना संपल्यावर लगेच उठू नका. पाच मिनिटांपासून सुरुवात करा. पाठ टेकून बसा, हात मांडीवर उघडे ठेवा. आता काही मागायचं नाही. आपण बापाजवळ आहोत, एवढंच ध्यानात ठेवायचं. मन भरकटेल, तेव्हा एकच वचन श्वासाबरोबर सावकाश म्हणा. श्वास घेताना ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’, सोडताना ‘मला काही उणे पडणार नाही’. श्वास सोडायला घेण्यापेक्षा जास्त वेळ द्या. लांब उच्छ्वासाने शरीराचा ताण खरोखर उतरतो, ते आपल्या शरीराच्या घडणीतच आहे. ज्याने वचन दिलं त्यानेच ही घडणही केली आहे, तेव्हा दोन्ही एकत्र वापरायला संकोच नको.

सुरुवातीला ही पाच मिनिटं फार लांब वाटतील. काही वाटत नाही, काही ऐकू येत नाही, असंही होईल. तरी बसा. आईच्या मांडीवर बसलेल्या मुलालाही दर मिनिटाला काही अनुभूती येत नसते.

पायरी ५ : विचार परत येतो तेव्हा

येणारच. त्याच्याशी वाद घालू नका, ‘हा विचार करायचाच नाही’ असंही ठरवू नका. मनाला बजावून ढकललेला विचार दुप्पट जोराने परत येतो. त्याला ओळखा आणि एक ठरलेलं वाक्य म्हणा : ‘बापा, हे मी तुझ्याकडे दिलंय.’ मग हातातलं काम पुढे चालू करा. भाकरी थापत असाल तर भाकरी, हिशेब करत असाल तर हिशेब. तासाभरात दहा वेळा आला तर दहा वेळा द्या. दहाव्यांदा देताना आधीचं देणं वाया गेलं, असं समजू नका.

पेत्राच्या पहिल्या पत्रात आपली सगळी चिंता देवावर टाकायला सांगितलं आहे, कारण तो आपली काळजी घेतो. त्याच्या लगेच आधी लीन होण्याबद्दल लिहिलं आहे. या दोन गोष्टींचा संबंध मला फार खरा वाटतो. मी जागी राहिले नाही तर घर कोसळेल, मी विचार केला नाही तर मुलाचं वाईट होईल, असं आपण न बोलता धरून चालतो. घरातल्या मोठ्या सुनेला, थोरल्या मुलाला, एकटीने संसार ओढणाऱ्या आईला हे फार लागू पडतं. दाविदही आवाक्याबाहेरच्या गोष्टी सोडण्यापासूनच सुरुवात करतो.

इथे एक सावधगिरी. काही जणांची काळजीच धार्मिक असते : ‘मी नीट प्रार्थना केली का? अक्षम्य पाप तर घडलं नाही ना? वाक्य चुकलं, परत म्हणू का?’ असं असेल तर प्रार्थना वाढवू नका. सकाळ-संध्याकाळ प्रभूची प्रार्थना एकदाच म्हणा आणि तिथेच थांबा. पाळकांशी बोला, आणि पुढे डॉक्टरांबद्दल लिहिलंय तेही वाचा.

रात्रीसाठी

एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली ‘आता पुरे, माझा प्राण घे’ म्हणत आडवा झाला तेव्हा देवाने त्याला उपदेश केला नाही. दूताने त्याला उठवून भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, परत उठवून परत खायला दिलं. बोलणं त्यानंतर, होरेबच्या डोंगरावर. थकलेल्या माणसाशी देव असा वागतो, तर आपणही आपल्या शरीराशी असंच वागावं.

संध्याकाळी सहानंतर चहा-कॉफी नको. फोन झोपायच्या खोलीत नको, गजरासाठी साधं घड्याळ आणा. रात्री बातम्या बंद. अंथरुणाला पाठ टेकल्यावर चौथ्या स्तोत्राची शेवटची ओवी म्हणा, ती झोपतानाचीच आहे. वीसेक मिनिटांत झोप आली नाही तर कूस बदलत पडून राहू नका. उठा, दुसऱ्या खोलीत मंद दिव्यात बसा, एक स्तोत्र सावकाश वाचा, डोळे जड झाले की परत या. रात्री सुचलेली कामं वहीत टिपा आणि वही मिटा. रात्री दोनला घेतलेला कुठलाही निर्णय सकाळच्या चहापर्यंत पक्का मानायचा नाही, हा नियम घरात सगळ्यांनी पाळण्यासारखा आहे.

वादळात नावेच्या मागच्या बाजूला उशी घेऊन झोपलेला प्रभू आठवा. शिष्यांनी त्याला घाबरून, थोडं रागावूनच उठवलं. त्याने आधी वारा शांत केला आणि मग त्यांना भित्रेपणाबद्दल विचारलं. त्याला हाक मारायला आपला विश्वास आधी मोठा व्हावा लागत नाही.

एकट्याने नको

चौघांनी पक्षाघाती माणसाला खाटेसकट छपरातून खाली सोडलं, तेव्हा प्रभूने त्या लोकांचा विश्वास पाहिला, असं शुभवर्तमानात लिहिलं आहे. काही दिवस असे असतात की आपल्या वाटची प्रार्थना दुसऱ्यांनी करावी लागते. मंडळीतली एक-दोन माणसं निवडा, ज्यांच्या पोटात गोष्ट राहते. त्यांना वहीतलं एक वाक्य वाचून दाखवा. पूर्ण संसाराची कहाणी सांगायची गरज नाही.

ऐकणाऱ्यांना एक विनंती आहे. ‘देव सगळं चांगलं करील’ हे लगेच म्हणू नका. आधी ऐका. विचारा, जेवलात का? मग तिथल्या तिथे दोन मिनिटं प्रार्थना करा. ‘प्रार्थनेत आठवण ठेवतो’ म्हणून निघून जाऊ नका.

आणि गा. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि आयुष्याच्या अखेरीस, १९१७ मध्ये, साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा समुदाय सुरू केला. वारकऱ्यांनी विठ्ठलाला जशी माउली म्हणून हाक मारली, तशी त्यांनी ख्रिस्ताला आपल्या पदांतून मारली. लेकरू होऊन देवाकडे जायची भाषा आपल्याला बाहेरून आणावी लागत नाही, ती आपल्या गळ्यात आधीच आहे. बोलून प्रार्थना होत नसेल त्या दिवशी स्वयंपाक करताना एक पद म्हणा. छाती मोकळी होते.

डॉक्टरांकडे कधी

दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप किंवा भूक गेली असेल. कामाला हात लागत नसेल. अचानक छातीत धडधड, घाम, श्वास कोंडणं असे झटके येत असतील. दारू किंवा गोळ्यांशिवाय रात्र निघत नसेल. तर डॉक्टरांना भेटा. थायरॉइड आणि रक्त कमी असणं यांनीही धडधड आणि अस्वस्थता होते, ती साध्या तपासणीत कळते. छातीत पहिल्यांदाच दुखत असेल तर ‘टेन्शन असेल’ म्हणून घरी थांबू नका, लगेच दवाखाना गाठा. जगणं नको असे विचार येत असतील तर एक दिवसही थांबू नका, आणि त्या माणसाला एकटं सोडू नका. सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची मोफत फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालते, मराठीतही बोलता येतं.

मानसोपचाराच्या गोळ्या घेणं म्हणजे विश्वासात कमी पडणं, असं कुणी सांगितलं तर त्याला मिरजेची आठवण करून द्या. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये तिथे मिशन हॉस्पिटल उभं केलं. मिरज वैद्यकीय नगरी झाली त्याच्या मुळाशी प्रार्थना करणारी आणि शस्त्रक्रिया करणारी तीच माणसं होती. आपल्या भागातल्या ख्रिस्ती विश्वासाने औषधाला कधी परकं मानलेलं नाही. प्रार्थना सभेत कुणी सांगितलं म्हणून चालू गोळ्या अचानक बंद करू नका. बंद करायच्या असतील तर ज्यांनी लिहून दिल्या त्यांना विचारून, हळूहळू.

आणि ज्याची भीती होती तेच झालं तर

हे न लिहिता लेख संपवणं अप्रामाणिक होईल. कधी कधी पाणी खरंच घरात येतं. तासगावकडे ऑक्टोबर छाटणी झालेली, बाग फुलोऱ्यात, आणि अवकाळीची दोन दिवसांची झड वर्षाचं पीक नेते, घड कुजतात, मणी गळतात, औषधाची उधारी तशीच राहते. भरवसा ठेवला म्हणजे हे घडणार नाही, असं वचन शास्त्रात कुठेही नाही.

हबक्कूक संदेष्ट्याने हे अगदी बागायतदाराच्या शब्दांत लिहिलं आहे : अंजीर फुलला नाही, द्राक्षवेलींना फळ आलं नाही, शेतात धान्य नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. त्याच अध्यायात थोडं आधी तो सांगतो की माझ्या अंगाला कापरं भरलं आहे, ओठ थरथरत आहेत. कापरंही आहे आणि ‘तरी’ही आहे. तो ‘तरी’ पहिल्याच दिवशी तुमच्या तोंडून येणार नाही. आला नाही म्हणून स्वतःला छळू नका.

त्या दिवसांसाठी सगळ्या पायऱ्या लहान करा. वहीत एकच वाक्य. प्रार्थनेत ‘बापा, मी इथे आहे’ एवढंच. शांत बसणं होणार नाही, तर मंडळीतल्या कुणाला तरी शेजारी येऊन बसायला सांगा. लोक जेवणाचा डबा घेऊन येतील, ‘कशाला त्रास घेतलात’ न म्हणता तो घ्या आणि जेवा. पंचनाम्याला तलाठी येणार असतील तर नुकसानीचे फोटो, सातबारा आणि बँक पासबुकाची झेरॉक्स काढून ठेवा, आणि त्या दिवशी घरी कोण थांबणार ते आदल्या रात्री ठरवा.